दगडी चौकीपर्यंत सोबत

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. लिहिता लिहिताच हसू आलं, कारण पाकिटावर माझं अक्षर दिसल्याबरोबर तू घाबरलाच असशील आणि पाकीट चहा होईपर्यंत तसंच ठेवलं असशील. फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतोस. म्हणून पत्र.

गेल्या वर्षीची ती डोंगरावरची शर्यत तुला माहीत आहे. उंचावरच्या तळ्यात पोहायचं, मग सायकलने खिंड ओलांडायची, आणि शेवटी पायी शिखराजवळच्या झोपडीपर्यंत चढायचं, सगळं एका दिवसात. गेल्या वर्षी झाडी संपते तिथे, शेवटच्या दगडी चौकीवर, मला बाद केलं ते शर्यतवाल्यांनी नव्हे, माझ्याच सोबत्याने. शेवटच्या चढणीवर कुणी एकट्याने जायचं नाही, प्रत्येकाबरोबर घरचं किंवा ओळखीचं एक माणूस हवं असा तिथला नियम आहे. मनगटावर नंबराचा पट्टा असतो. तो चौकीवर दिला की शर्यत संपली, आणि तो देण्याचा हक्क जसा आपला तसा सोबत्याचाही. मला एकदा उलटी झाली तर आमच्या क्लबातल्या त्या शहाण्याने माझा पट्टा काढून दिलासुद्धा. उलटी काय, कुणालाही होते.

यंदा पुन्हा जाणार आहे. सोबती म्हणून तू ये. चढण अवघड नाही, फक्त हळू आणि लांब आहे, आणि तू सगळं हळूच करतोस. तूच का, तेही खरं सांगते. तू मला आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाहीस. पंपाच्या खोलीत येऊ का विचारलं तरी हो, उंच फळीवरून उडी मारू का विचारलं तरी हो, फक्त दुसऱ्या वेळी तू डोळे मिटून घेतलेस. मला असाच माणूस हवा आहे.

नाही म्हणून बघ, जमतं का.

तुझी,
ठिणगी


१२ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पाकीट चहा होईपर्यंत नाही, चहा गार होईपर्यंत ठेवलं होतं. वाचून दुपारच्या पाळीला पंप सुरू करायचाच विसरलो, आणि पाणी गढूळ का दिसतंय म्हणून शिट्टीवालीने वरून आरडाओरडा केला. शिट्टीवाली म्हणजे आमची नवी जीवरक्षक. वयाने तुझ्याएवढी, आवाजाने माझ्या पंपाएवढी.

अगं, अर्धं आयुष्य मी पोहण्याच्या तलावाखालच्या खोलीत काढलं. वाळूची गाळणी, पंप, क्लोरीनचे पिंप, एवढंच माझं जग. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे आणि तू ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेसही. तरी आमच्या पाण्याचं मला भय नाही, कारण त्याचा तळ दिसतो. कुणाची अंगठी पडली तरी वरून बोट दाखवता येतं. तुझ्या त्या तळ्याचा फोटो वाचनालयातल्या पुस्तकात पाहिला. ते पाणी शाईसारखं आहे.

त्याच पुस्तकाशेजारी उंचीच्या आजारांवर एक जाडजूड पुस्तक होतं. ते आणायला नको होतं. एकदा आणल्यावर वाचल्याशिवाय राहवेना. विरळ हवेत फुप्फुसात पाणी साचतं, मेंदूला सूज येते, आणि माणसाला स्वतःला ते कळतच नाही असं त्यात आहे. बरोबरच्याला कळायला हवं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, कारण बरोबरचा म्हणजे मी.

नाही म्हणायला चार वेळा कागद घेतला. प्रत्येक वेळी वाटलं, मी नाही म्हटलं तर ही दुसऱ्या कुणाला तरी घेऊन जाणारच, आणि तो दुसरा चढण कशी पार पडेल ते बघेल, हिच्याकडे बघणार नाही. म्हणून येतो. चढायचं कसं ते तूच कळव. आणि माझ्याशी कमी भांड. अर्थात हे तुला सांगणं म्हणजे पंपाला आवाज करू नकोस म्हणण्यासारखं आहे. लहानपणी तू भिंतीवरच्या घड्याळाशीही हुज्जत घालायचीस.

माया आहेच, भीतीसकट आहे.

तुझा,
मामा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू ठिणगीबरोबर जाणार असं तिच्याकडून कळलं. ऐकून आधी बरं वाटलं आणि मग जास्तच काळजी वाटली. दोन्हीचं कारण एकच आहे.

गेल्या वर्षी ती परत आली तेव्हाचं तुला कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगितलं नाही. ओठ निळे, डोळ्यांखाली सूज. पायातले बूट काढायचे सोडून त्यांच्याकडे बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी हसत होती, म्हणाली, आई, तू पडद्यांच्या दुकानात दिवसभर कापडाची धूळ खातेस, मी थोडी कमी हवा खाल्ली तर काय झालं. तिचं हे असं. ज्याने तिला खाली आणलं त्या मुलाशी ती आजतागायत बोलत नाही. मी मात्र त्याच्या घरी जाऊन त्याचे आभार मानून आले. तिला माहीत नाही.

दादा, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तिने डोळे वटारले की तू विरघळतोस. तू बरोबर आहेस म्हणून मी निर्धास्त नाही, तू बरोबर आहेस म्हणूनच माझा जीव टांगणीला लागलाय. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मला एक शब्द दे. तुला वाटलं की आता पुरे, तर तिला विचारत बसू नकोस. खाली आण. तुला शिव्या देईल, वर्षभर बोलणार नाही, चालेल. मी आहे ना तुझ्याशी बोलायला.

हे पत्र तिला दाखवू नकोस. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
धाकटी


९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

शब्द दिला. तिला धडधाकट खाली आणीन.

दादा


२० जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातल्या सूज, पाणी वगैरे प्रकारांवर एवढंच म्हणणं आहे की वाचनालयाचं ओळखपत्र माझ्याकडे पाठवून दे. तू फार वाचतोस.

माझं बरं चाललंय. सकाळी कामाच्या आधी सायकल, सुट्टीच्या दिवशी लांबवर धावणं. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसते. पहिल्यांदा बसले तेव्हा श्वास आत गेला तो बाहेरच येईना. आपल्याच छातीने आपल्याला कोंडून घातल्यासारखं. आईला सांगू नकोस. आता जमतं. म्हणजे भीती वाटते, पण श्वास येतो.

आमच्या कवळ्यांच्या लॅबचे मास्तर म्हणतात, तू दुसऱ्यांचे दात करतेस आणि स्वतःचे खात बसतेस. खरं आहे. मेणाचा साचा करताना मी इतके दात आवळते की संध्याकाळी जबडा दुखतो. पण मामा, एकदा नीट न बसलेली कवळी परत आली की मला दुसरं काही सुचत नाही. ती माणसाच्या तोंडात बसेपर्यंत माझ्या डोक्यात खुपत राहते. ती चढण तशी खुपते आहे. चौकीच्या वर काय आहे ते मला माहीत नाही, आणि ते मी थकले म्हणून नव्हे, दुसरा घाबरला म्हणून माहीत नाही.

म्हणून एक अट. मला लेखी वचन हवं. मी स्वतः हो म्हटल्याशिवाय तू पट्ट्याला हात लावायचा नाहीस. मी रडले, ओकले, रांगत चालले तरी नाही. तुझ्या सहीने लिहून पाठव. नसेल पाठवायचं तर आत्ताच सांग. मग मी दुसरं माणूस बघते आणि तुझ्यावर रागावतही नाही. (रागावेन.)

उत्तराची वाट बघणारी,
ठिणगी


४ जुलै

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू वचन मागितलंस त्याला आता बरेच दिवस झाले. पोस्टाला दोष देत नाही, पत्र माझ्याच खिशात फिरत होतं.

लिहितो. तू स्वतः हो म्हटल्याशिवाय मी तुझा पट्टा काढणार नाही. खाली सही केली आहे.

आता माझं ऐक. रोज पाळी संपली की गाळणीच्या वाळूचं अर्धं पोतं पाठीवर घेऊन गच्चीवरच्या टाकीपर्यंत जिने चढतो. शिट्टीवाली म्हणते, काका, वाळू वर नेऊन समुद्रकिनारा करताय का. तिला खरं कारण सांगितलं तेव्हा तिने थट्टा सोडली. ही बाई थट्टा सोडून बोलताना मी पहिल्यांदाच पाहिली आणि तेव्हा मला जास्तच भीती वाटली. तिने मला एक गोष्ट शिकवली. माणूस भानावर आहे का ते बघायचं असेल तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगायचं. आम्ही तलावाकाठच्या फरशीच्या रेघेवर तसं चालून पाहिलं. ती सरळ चालली. मी धडधाकट असून पाण्यात पडता पडता वाचलो. तेव्हा या परीक्षेवर किती भरवसा ठेवायचा कोण जाणे.

मी भित्रा आहे हे मला कळतं, ठिणगे. फक्त एवढंच सांगतो की वर जाताना मी चढणीकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन. चालेल ना?

तुझा,
मामा


२९ ऑगस्ट, तळ्याकाठून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इथे येऊन हवेची सवय करून घेतो आहोत. आम्हाला लाकडी खोली मिळाली आहे. दोन खाटा, एक खिडकी, आणि खिडकीत ते तळं. मी पडदा लावतो, ती उघडते. जिना नाही तरी खाटेवरून उठलं की जिना चढल्यासारखा दम लागतो. जेवताना घास गिळायचा की श्वास घ्यायचा हे ठरवावं लागतं. तिचं डोकं पहिले दोन दिवस दुखलं. नाही म्हणत होती, पण चमचा तोंडाशी नेताना डोळा बारीक करायची. आता दुखत नाही. मी दोनदा खात्री करून घेतली, दुसऱ्या वेळी ती माझ्यावर खेकसली, तेव्हा बरं वाटलं.

आज सर्व सोबत्यांना बोलावून शर्यतीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. शांत बाई आहेत. म्हणाल्या, चौकीच्या वर आमचं कुणी नाही, थेट झोपडीत. मधल्या चढणीवर कुणी कोसळलं तर खाली आणायला फार वेळ जातो, म्हणून जे ठरवायचं ते चौकीवर ठरवा. मी विचारलं, नेमकं कशावरून ठरवायचं. त्या म्हणाल्या, तुमचं माणूस तुम्हाला तुमचं वाटतंय का ते बघा. एवढ्या शिकलेल्या बाईंकडून मला काहीतरी मोजता येण्यासारखं हवं होतं. पंपाला दाबाचा काटा असतो तसं.

उद्या उजाडताना ती पाण्यात उतरेल. आत्ता ती सायकलच्या साखळीला तेल देते आहे आणि मी तेल जास्त घालतो म्हणून मला लांब बसवलं आहे. तुला दिलेला शब्द लक्षात आहे. तिलाही एक दिला आहे, तो तुला सांगितलेला नव्हता. तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय तिच्या मनगटावरचा नंबराचा पट्टा काढायचा नाही असं तिने माझ्याकडून लिहून घेतलंय. दोन्ही शब्द पाळता येतील असं उद्याचं सगळं होवो, एवढंच मनात आहे. तू रागावली असशील. मी कुणालाच नाही म्हणू शकत नाही, त्याचं हे असं होतं.

परत आल्यावर लिहीन.

दादा


१६ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ती घरी आहे, बरी आहे. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

कामावर जाते, येते, जेवते. सायकल भिंतीला टेकवून ठेवली आहे, तिच्यावर माझी एक जुनी चादर टाकली आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझा विषय काढला तर उठून जाते. खाली आणून डॉक्टरीणबाईंच्या तंबूत ऑक्सिजन लावल्यावर शुद्धीवर येऊन ती तुला काय काय बोलली ते तू लिहिलं नाहीस, पण तिनेच सांगितलं. म्हणाली, मामाने आणि तू मिळून कट केलात, आणि वर मामा म्हणतो की मीच हो म्हणाले. मी असं म्हणणं शक्य नाही, म्हणाली, मला ठार मारलं तरी नाही. माझं एप्रिलचं पत्र तिला सांगून टाकलं. लपवण्यासारखं आता काय राहिलं होतं.

तिला डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं तेही मला तिच्याकडूनच कळलं. मेंदूला सूज यायला लागली असेल, किंवा नुसता थकवा असेल, खाली आणल्यावर सांगता येत नाही. ती या दुसऱ्या वाक्याला धरून बसली आहे.

दादा, मी तुझे आभार मानते. तिची आई म्हणून मानते. तुला ते नको असतील, तरी मानते.

धाकटी


५ ऑक्टोबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वचनाच्या पत्राला मी लगेच उत्तर दिलं नव्हतं, तेव्हा तू माझ्या आधीच्या तीन पत्रांना उत्तर देत नाहीस याची तक्रार करायला मला तोंड नाही. पण एवढं कर, पाकीट उघडत नसलीस तर तसंच परत पाठव. ते आलं की मला कळेल, तू ते हातात तरी घेतलंस.

मामा


११ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्रं उघडली. तिन्ही, आणि हे चौथंही. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

परवा लॅबमध्ये बसून ती चढण पहिल्यापासून आठवत होते. रागाने आठवत होते, तुला काय काय लिहायचं त्याची जुळवाजुळव करत होते. पाणी आठवतं. त्यात उतरताना पाचावर धारण बसली होती, तेही आठवतं. खिंड आठवते, उतारावर हातांची बोटं ब्रेकवर गोठली होती. बूट बदलले, तू मला मिठाचं पाणी दिलंस, ते गरम होतं आणि मी म्हणाले की तू कुठलीच गोष्ट थंड ठेवू शकत नाहीस. झाडी आठवते. झाडी विरळ झाली, आणि वर लांब ती दगडी चौकी दिसली. लाल जॅकेट घातलेलं कुणीतरी दारात होतं.

त्यानंतर तंबू.

मधलं नाही, मामा. मला वाटत होतं आहे. मी इतके दिवस तुझ्याशी मनात भांडते आहे, त्यात चौकीवरचं आपलं सगळं बोलणं मला पाठ आहे. पण परवा लक्षात आलं की ते गेल्या वर्षीचं आहे. त्या क्लबवाल्याबरोबरचं. त्यात तुझा चेहरा मी नंतर बसवलाय. यंदाचं त्या जागी काहीच नाही. मी मेणाची पट्टी हातात धरून बसले होते, ती वितळून बोटांवर आली.

मला भीती वाटते आहे. त्या डोंगराची नाही. मी चालत होते, तुझ्याशी बोलत होते, आणि ती मी नव्हते. मग कोण होतं? आणि आत्ता लिहिते आहे ती तरी नक्की मीच ना?

तो मधला भाग फक्त तुझ्याकडे आहे. मला लिहून पाठव. मला बरं वाटावं म्हणून काही वगळू नकोस आणि स्वतःला वाचवायला काही घालू नकोस. मी विश्वास ठेवेन की नाही ते माहीत नाही. आधी वाचते.

ठिणगी


१९ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आत्ता तू लिहिते आहेस ती तूच आहेस. पत्रात तीन ठिकाणी मला टोचलं आहेस. हे आधी सांगतो आणि मग बाकीचं लिहितो.

चौकी दिसली तिथपासून तुला हवंय. चौकी दिसली तेव्हा तू माझ्यापुढे होतीस. तिथवर तू मला सतत बोलत होतीस. हळू चालतोस, श्वास मोठ्याने घेतोस, काठी चुकीच्या हातात धरली आहेस. मी काठी दुसऱ्या हातात घेतली तर म्हणालीस की आधीच्याच हातात बरी होती. मला धाप लागली होती, पण मनातून मी खुश होतो.

मग एका वळणाला तुझं बोलणं थांबलं. आधी वाटलं, चढ आहे, दम राखते आहे. मी तुझ्या बरोबरीने आलो आणि तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा रिकामा नव्हता, उलट छान हसरा होता. मी विचारलं, डोकं दुखतंय का, तू हो म्हणालीस. मळमळतंय का, हो. मग म्हटलं, काहीच होत नाहीये ना, तरी हो म्हणालीस.

चौकीवर पोचलो. लाल जॅकेटवालीने मला विचारलं, पुढे जाताय ना. मी म्हटलं, थांबा. तुला फरशीवरच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तू चाललीस. जवळजवळ सरळ चाललीस, ठिणगे, हे मी लपवत नाही. त्या बाई म्हणाल्या, ठीक दिसते आहे. पुढे जाणारे आमच्या शेजारून जात होते. कुणी ठेचकाळत होतं, कुणी ओकत होतं, आणि सगळे जात होते. त्या सगळ्यांत तूच जास्त धड दिसत होतीस. मला कुणीही विचारलं असतं की हिला का थांबवता, तर माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून मी तुझ्याशी भांडण काढलं. मला भांडता येत नाही, पण काढलं. म्हटलं, सायकल चालवणं म्हणजे बसून करायचं काम, त्यात काय मोठंसं. तू म्हणालीस, हो मामा. म्हटलं, तुमच्या लॅबपेक्षा त्या कारखान्यात केलेल्या कवळ्या बऱ्या बसतात. हो मामा. म्हटलं, गेल्या वर्षी त्या पोराने तुला उतरवलं ते अगदी योग्यच केलं. हे बोलताना मी डोळे मिटून घेतले होते, कारण मला वाटलं आता थोबाडीत बसेल. तू म्हणालीस, हो मामा, योग्यच केलं. आणि माझी टोपी सरळ केलीस.

इतक्या प्रेमाने तू मला आजवर कधी वागवलं नव्हतंस. ती बाई हसली, म्हणाली, किती गुणी मुलगी आहे.

मी वर चढणीकडे पाहिलं. झोपडी दिसत नव्हती, ढग होते. तुला दिलेली सही आठवली. तू स्वतः हो म्हटल्याशिवाय नाही, असं मी लिहिलं होतं. म्हणून मी तुला विचारलं. सरळ विचारलं, पट्टा काढू का.

तू हो म्हणालीस.

तंबूत मी तुला ओरडून सांगत होतो की तूच हो म्हणालीस, ते याच्या जोरावर. तेव्हा तू माझ्यावर तुटून पडली होतीस आणि मी भेदरलो होतो, म्हणून तसं म्हणालो. ते मागे घेतो. ते हो तुझं नव्हतं हे मला तिथेच कळलेलं होतं. ते तुझं असतं तर मला तुला उतरवायचं कारणच नव्हतं. मी तुला दिलेलं वचन मोडलं. ते मोडलं असंच तू धर, आणि त्यावर जितकं भांडायचं तितकं भांड.

वर गेलो असतो तर काय झालं असतं हे मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही. कदाचित थोड्या वेळाने तू भानावर आली असतीस, माझी टर उडवत झोपडीपर्यंत गेली असतीस, आणि तुझ्या डोक्यातलं ते खुपणं संपलं असतं. मी ते तुझ्याकडून घेतलं असेल. धाकटी आभार मानते तेव्हा मला हेच आठवतं आणि तिला उत्तर लिहिता येत नाही.

आता उरलेलं. मी तुझा हात मागितला आणि तू तो पुढे केलास. पट्ट्याची पकड थंडीने कडक झाली होती. मला ती निघेना. एकदा ओढली, दोनदा ओढली. मी मुद्दाम वेळ काढत होतो असंही म्हण. मला वाटत होतं, आता तरी ही हात हिसकेल, म्हणेल, मामा, काय चालवलंयस तू, आणि मी तुझ्या मागोमाग निमूट वर येईन. एवढंच हवं होतं मला. मी तुझ्या तोंडाकडे बघत थांबलो होतो.

तू हसून दुसरा हात आणलास, माझी बोटं बाजूला केलीस, आणि पकड स्वतःच सोडवून पट्टा माझ्या तळहातावर ठेवलास.

त्या चौकीवर मी एवढंच पाहिलं. वाचून झालं की पुन्हा लिही. मग ते काहीही असो.

तुझा,
मामा